मान धरेपर्यंत

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले, तेव्हा त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. दोन दिवस छान अंगावर पिणारं बाळ चौथ्या-पाचव्या दिवशी स्तन तोंडात धरेनासं व्हायचं. मग जबडा आवळायचा, मुठी सुटायच्या नाहीत, पाठीची कमान व्हायची. नाळ विळ्यानं कापलेली, वर शेण नाहीतर राख लावलेली. हा धनुर्वात. त्याच सुमारास घरात पाचवी पुजलेली असायची, त्यामुळे दोष सटवाईकडे जायचा.

नगर जिल्ह्यातल्या नवजात तपासणीचा मागोवा मी इथूनच घेतो. ‘पीत नाही’ आणि ‘ताठ झालंय’ या दोन्ही गोष्टी बायकांना दिसत होत्या. डॉक्टर ज्यांना प्रतिक्षिप्त क्रिया आणि स्नायूंचा टोन म्हणतात, त्या याच. दिसलेलं सांगायचं कुणाला, हा खरा प्रश्न होता.

पुस्तकी ज्ञान तोवर बरंच पुढे गेलं होतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली दचकणाऱ्या बाळाची नोंद केली: बाळाशेजारी उशीवर थाप मारली की ते दोन्ही हात फाकवतं आणि पुन्हा छातीशी घेतं. एकच हात उचलला, तर दुसऱ्या खांद्याची नस किंवा गळपट्टीचं हाड प्रसूतीत दुखावलं असण्याची शंका घ्यायची. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांच्या १९५३ च्या गुणपद्धतीत पाचांपैकी एक निकष टोनचा होता. पण हे सारं चालायचं रुग्णालयात, आणि जामखेडच्या बाया बाळंत व्हायच्या घरात.

आरोळ्यांनी आधी गावोगाव प्रशिक्षित नर्स ठेवायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही; परक्या गावात एकटीनं राहायला त्या तयार नव्हत्या. मग गावानंच आपल्यातली बाई निवडावी, असं ठरलं. निवडलेल्या बायकांतल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित. जामखेडला येऊन त्या शिकायच्या आणि शिकलेलं गावात नेऊन करायच्या: गरोदरपणी धनुर्वाताची सुई, नाळेला स्वच्छ पातं, बाळाला लगेच अंगावर घेणं. नव्वदच्या दशकात बालमृत्यूचं प्रमाण हजारी तिशीच्या खाली आलं. आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी, आणि त्यातला मोठा वाटा या बायकांचा आहे असं माझं ठाम मत आहे. नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं देशपातळीवर २०१५ साली मान्य झालं.

दुसरा टप्पा गडचिरोलीत घडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत बायकांच्या हाती घरातल्या नवजाताची देखभाल सोपवली. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ पासून हेच काम देशभरच्या आशा ताईंकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा घरी येते. आईला म्हणते, पाजून दाखवा. बाळ स्तन शोधतं का, ओढ जोरकस आहे का, रडणं क्षीण झालंय का, हातपाय लुळे पडलेत का, हे ती बघते. काल जोरात ओढणारं बाळ आज ओढत नसेल आणि अंगही सैल पडलं असेल, तर जंतुसंसर्गाची शंका धरून ती त्याला लगेच पुढे पाठवते. तिच्याआधी हे ध्यानात येऊ शकतं ते रोज न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या. बाळ तिच्या पायांवर असतं. एक हात कमी हलतो, मांडी सुटत नाही, हे तिच्या तळव्याला कळतं. तिला कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता कमी दिवसांची, कमी वजनाची बाळंही जगतात, आणि त्यामुळे तपासणीला महिन्यांची जोड लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचा थेट तारुण्यापर्यंत पाठपुरावा केला. असल्या पाठपुराव्यात फ्रेंच डॉक्टर अमिएल-तिसाँ यांचे कोन कामी येतात. बाळाला उताणं झोपवून मांड्या अलगद फाकवायच्या आणि मधला कोन बघायचा. पहिल्या तीन महिन्यांत तो ४० ते ८० अंश असतो, वर्षाच्या सुमारास १४० ते १६०. आठव्या-नवव्या महिन्यातही मांड्या सुटत नसतील, लंगोट बांधताना आईला जोर लावावा लागत असेल, अंगठा आत दाबलेली मूठ उघडत नसेल, सहा महिन्यांनंतरही बाळ मोरोसारखं दचकत असेल, तर व्यायामोपचार लगेच सुरू व्हायला हवेत. यासाठी २०१३ साली पालघरला सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१८ पासून आशाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या भेटीही आहेत.

नगर जिल्ह्यात ही साखळी तुटते ती उसाच्या फडात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची बिऱ्हाडं दसरा-दिवाळीनंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेलं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं असतं आणि परततं तेव्हा आठ-नऊ महिन्यांचं. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याची भेट फडाजवळच्या कोपीत, ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, हरवते. गावची आशा म्हणते, बाळ इथं नाही. कारखान्याकडच्या आशाच्या यादीत ते बहुतेकदा नसतंच. कोयता पाठवणारे आणि कोयता घेणारे तालुके याच एका जिल्ह्यात आहेत, म्हणजे निदान इथल्या इथं जाणाऱ्या बाळांसाठी दुसऱ्या जिल्ह्याकडे बोट दाखवायची सोय नाही. आगाऊ उचल दिलेल्या प्रत्येक कोयत्याची, म्हणजे ऊसतोड जोडीची, नोंद मुकादमाकडे असते. गाळप सुरू व्हायच्या आधी त्याच नोंदीवरून वर्षाच्या आतली बाळं काढावीत, आणि गावच्या आशानं फडाजवळच्या आशाला फोन करून बाळाचं वजन, जन्माचा महिना आणि जन्मल्यावर ते रडलं होतं की नाही, एवढं कळवावं.