परदेशस्थ जोडीदाराचा प्रवेश आणि विवाहाच्या खरेपणाची कसोटी

विवाह ही दोन व्यक्तींमधील बाब असली, तरी त्या व्यक्ती दोन भिन्न राष्ट्रांच्या नागरिक असल्या म्हणजे त्यांच्या संबंधात एक तिसरा पक्ष अपरिहार्यपणे येतो. तो पक्ष म्हणजे राज्यसंस्था होय. विवाह वैध आहे किंवा नाही हे सामान्यतः तो जेथे लागला तेथील कायद्यावरून ठरते. परंतु परदेशी पतीस वा पत्नीस कायम वास्तव्यासाठी देशात घ्यावे किंवा नाही, हा प्रश्न त्याहून स्वतंत्र आहे. ज्या स्त्री-पुरुषांचा स्नेह वर्षानुवर्षे पत्रांतून, दूरध्वनीवरून आणि अलीकडे दृक्-संभाषणातून वाढलेला असतो, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड होतो. एकत्र राहता यावे म्हणून ते राज्याकडे परवानगी मागतात. आणि राज्य त्यांच्याकडे एकत्र संसार असल्याचा पुरावा मागते.

प्रस्तुत लेखात ह्या पेचाचा विचार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायद्याच्या आधारे केला असून तुलनेसाठी ब्रिटनमधील नियमांचा आढावा घेतला आहे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांचा ह्या दोन्ही देशांशी निकटचा संबंध आहे आणि अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयांच्या मुलाखती प्रामुख्याने मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत होतात. त्यामुळे हा विषय मराठी वाचकास सर्वस्वी परका नाही.

१. पूर्वपीठिका

नागरिकाने परदेशी जोडीदारास आणावे, हा हक्क अमेरिकेत प्रारंभापासून मान्य होता असे नाही. १९०७ च्या कायद्यान्वये परदेशी पुरुषाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्वच नष्ट होत असे. १९२२ च्या केबल कायद्याने ही स्थिती पालटली. तथापि नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या वंशातील पुरुषाशी विवाह केल्यास स्त्रीने आपले नागरिकत्व गमवावे, ही अट १९३१ पर्यंत टिकून राहिली. १९२३ साली थिंद खटल्यात भारतीय हे ‘गौरवर्णीय’ ह्या संज्ञेत येत नसल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिल्यामुळे भारतीय पुरुषांशी विवाह करणाऱ्या स्त्रियाही ह्या अटीच्या कक्षेत आल्या. १९१७ च्या निर्बंधांमुळे कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांना मायदेशाहून पत्नी आणणे जवळजवळ अशक्य झाले, आणि त्यांपैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर धोरणात बदल झाला. परदेशी भूमीवर विवाह केलेल्या सैनिकांच्या पत्नींसाठी डिसेंबर १९४५ मध्ये, व वाग्दत्त वधूंसाठी १९४६ मध्ये, विशेष कायदे करण्यात आले. १९४६ च्याच ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. मात्र वार्षिक प्रवेशसंख्या अवघी १०० ठेवण्यात आली. १९५२ च्या कायद्याने नागरिकाचा पती व पत्नी यांतील भेद काढून टाकला, आणि १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटापद्धती रद्द करून नागरिकांच्या जोडीदारांना संख्येच्या मर्यादेबाहेरच ठेवले. वाग्दत्त वधू-वरांसाठी ‘के’ वर्गाचा स्वतंत्र व्हिसा १९७० मध्ये अस्तित्वात आला. नागरिक नसून केवळ कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या व्यक्तीच्या जोडीदारास मात्र वार्षिक संख्येची मर्यादा आजही लागू आहे, व त्यामुळे त्यास प्रतीक्षायादीत राहावे लागते.

२. वैध विवाह आणि खरा विवाह

ह्या विषयात दोन कल्पना काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. विवाह विधियुक्त लागला म्हणजे तो वैध ठरतो. परंतु प्रवेशाच्या दृष्टीने तो ‘खरा’ आहे की केवळ परवाना मिळविण्यासाठी केलेला देखावा आहे, हे पुन्हा तपासले जाते. १९५३ च्या लुटवाक खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असे विवाह होते, की जे पॅरिसमध्ये माजी सैनिकांशी लावण्यात आले होते आणि ज्यांत अमेरिकेत पोहोचल्यावर विभक्त होण्याचे आधीच ठरलेले होते. हे विवाह फ्रेंच कायद्याने वैध होते किंवा कसे, याची चर्चा करण्याचे कारणच न्यायालयास वाटले नाही. एकत्र संसार करण्याचा हेतू नसल्यामुळे ते सैनिक-पत्नींसाठीच्या सवलतीस पात्र नव्हते, एवढे त्यास पुरेसे झाले.

ह्या तत्त्वाची दुसरी बाजू १९७५ च्या बार्क खटल्यात स्पष्ट झाली. त्यातील पती-पत्नींचा परस्परस्नेह कोरियात असतानाच जुळला होता. पत्नी आधी अमेरिकेत गेली, पती मागाहून गेला आणि नंतर त्यांचा विवाह झाला. पुढे काही काळ ते विभक्त राहिले, एवढ्यावरून विवाह खोटा ठरविण्यात आला होता. अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. विवाहसमयी एकत्र आयुष्य घालविण्याचा दोघांचा हेतू होता काय, हाच निर्णायक प्रश्न होय. नंतरचे वर्तन हे केवळ त्या वेळच्या हेतूवर प्रकाश टाकणारे साधन होय, असे त्या न्यायालयाने म्हटले. संसार पुढे मोडला म्हणून तो प्रारंभीच खोटा होता असे होत नाही.

वैधतेच्या बाबतीतही दूरस्थ जोडप्यांना लागू पडणारा एक विशेष नियम आहे. वधू व वर विवाहविधीच्या वेळी परस्परांच्या सन्निध उपस्थित नसतील, तर विवाहानंतर त्यांचा शरीरसंबंध घडल्याखेरीज अमेरिकेचा प्रवेशविषयक कायदा त्यांना पती-पत्नी मानत नाही. प्रतिनिधीद्वारा वा पडद्यावरील संभाषणातून लागलेला विवाह अन्यत्र वैध असला, तरी एवढ्याने भागत नाही.

३. पुराव्याचा पेच

विवाहाच्या खरेपणाचे नेहमीचे पुरावे म्हणजे समाईक घर, समाईक बँकखाते, एकमेकांच्या नावे उतरविलेला विमा आणि संतती. ही सर्व सहवासाची फळे आहेत. ज्यांना सहवासच अद्याप लाभलेला नाही, त्यांच्याजवळ ती असणार कोठून? समजा, न्यू जर्सीतील एक नागरिक तरुणी व पुण्यातील एक तरुण यांचा स्नेह तीन वर्षे टिकून त्यांनी पुण्यात विवाह केला. महानगरपालिकेकडून मिळालेला विवाहनोंदणीचा दाखला त्यांचा विवाह वैध असल्याचे सिद्ध करील. खरेपणासाठी मात्र पत्रव्यवहार, संभाषणांच्या नोंदी, विमानाची तिकिटे, पारपत्रावरील शिक्के, नातलगांसमवेतची छायाचित्रे आणि परिचितांची प्रतिज्ञापत्रे यांवरच त्यांना विसंबावे लागेल. तरुणी आय-१३० ह्या नमुन्यात अर्ज करील. तो मंजूर झाल्यावर कागदपत्रे वकिलातीकडे जातील आणि अखेरीस तरुणाची मुलाखत होईल. जी पत्रे केवळ एका व्यक्तीसाठी लिहिली गेली, ती ह्या क्रमात परक्या अधिकाऱ्याच्या मेजावर पुरावा म्हणून येतात.

ह्यांनी विवाहापूर्वीच ‘के’ व्हिसाचा मार्ग पत्करला असता, तर निराळी अट लागू झाली असती. १९८६ च्या कायद्याने वाग्दत्त वधू-वरांनी अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेटलेले असणे आवश्यक केले आहे. प्रवेशानंतर ९० दिवसांत विवाह होणेही बंधनकारक आहे. भेटीच्या अटीस दोन अपवाद आहेत. एक, भेटीमुळे अर्जदारास कमालीची हालअपेष्टा सोसावी लागणार असल्यास. दुसरा, लाभार्थीच्या समाजातील दृढ व दीर्घकालीन रूढी विवाहापूर्वीच्या भेटीस मनाई करीत असल्यास. नियमाच्या शब्दयोजनेत आईवडिलांनी ठरविलेल्या विवाहांचा स्पष्ट उल्लेख आहे. तथापि महाराष्ट्रातील बहुसंख्य कुटुंबांना ह्या अपवादाचा आधार घेणे कठीण आहे. कारण मुलगी पाहण्याचा कार्यक्रम हाच मुळी ठरवून केलेल्या विवाहाचा एक भाग असतो. परिणामी अशा विवाहात भेट झालेली असते, परंतु दीर्घ सहवासाची साक्ष देणारी छायाचित्रे व पत्रे थोडी असतात. प्रणयविवाहाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून पाहणाऱ्या अधिकाऱ्यास हा थोडेपणा संशयास्पद वाटू शकतो. प्रथेचे ज्ञान हे येथे न्यायाचे अंग बनते.

४. सशर्त वास्तव्य आणि आर्थिक हमी

प्रवेश मिळाला म्हणजे परीक्षा संपली असे होत नाही. कायम वास्तव्याचा परवाना मिळते वेळी विवाहास दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर १९८६ च्या कायद्यानुसार तो परवाना दोन वर्षांपुरता सशर्त असतो. त्या मुदतीच्या शेवटच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी संयुक्त अर्ज करून अट काढून घ्यावी लागते. ह्या व्यवस्थेत परदेशी जोडीदाराचे भवितव्य दुसऱ्याच्या स्वाक्षरीवर अवलंबून राहते, आणि छळ सोसणाऱ्या स्त्रीस ती स्वाक्षरी मिळणार कशी, हा प्रश्न लवकरच पुढे आला. १९९० मध्ये छळाच्या प्रसंगी एकट्याने अर्ज करण्याची मुभा देण्यात आली आणि १९९४ च्या कायद्याने पीडित जोडीदारास मूळ अर्जही स्वतःच करता येऊ लागला.

आर्थिक बाजूने १९९६ पासून अर्जदारास बंधनकारक प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याचे उत्पन्न शासनाने ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असले पाहिजे. ते कमी पडल्यास सहहमीदार आणता येतो. ही हमी न्यायालयामार्फत अमलात आणता येते, आणि घटस्फोटानेही ती संपत नाही. लाभार्थी नागरिक होईपर्यंत, अथवा त्याच्या खाती कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडून जाईपर्यंत वा मृत्यूपर्यंत ती चालू राहते. विवाहाचा करार मोडता येतो; त्यासाठी राज्याशी केलेला करार तितक्या सहजतेने मोडत नाही.

५. ब्रिटनचा अनुभव

ब्रिटनमध्ये कसोटी आणखी एका पायरीने पुढे गेली. १९८० पासून परदेशी पतींच्या बाबतीत ‘प्रमुख हेतू’ हा नियम लागू करण्यात आला, व १९८३ मध्ये सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकण्यात आला. विवाह खरा आहे आणि एकत्र राहण्याची इच्छाही खरी आहे एवढे दाखवून भागत नसे. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा विवाहाचा प्रमुख हेतू नव्हता, हेही सिद्ध करावे लागे. नकारात्मक गोष्ट सिद्ध करण्याचा हा भार भारतीय उपखंडातील अर्जदारांवर विशेष पडला. सर्वसाधारणपणे वधूने वराच्या घरी जावे, ही रूढी असलेल्या समाजातील पुरुष पत्नीच्या देशी जाऊ पाहतो, ही गोष्टच त्याच्याविरुद्ध वापरता येत असे.

संशयाची परिसीमा त्याआधीच गाठली गेली होती. वाग्दत्त वधूंना त्या काळी आगाऊ परवाना लागत नसे, विवाहित स्त्रियांना मात्र लागत असे. १९७९ च्या जानेवारीत विवाहासाठी हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे काय हे पाहण्यासाठी, कौमार्यतपासणी करण्यात आली. हा प्रकार वृत्तपत्रांतून उघडकीस येताच दोन्ही देशांत तीव्र निषेध झाला आणि ती प्रथा बंद करण्यात आली.

१९८५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अब्दुलअझीझ, काबालेस व बाल्कंदाली ह्या खटल्यात पतींवरील अधिक कडक निर्बंध हा लिंगभेद असल्याचा निर्णय दिला. शासनाने समानता आणली, परंतु ती पत्नींनाही तेच निर्बंध लावून. ‘प्रमुख हेतू’ नियम अखेर १९९७ मध्ये रद्द झाला. त्यानंतर कसोटीचे केंद्र हेतूवरून उत्पन्नाकडे सरकले : २०१२ मध्ये अर्जदाराच्या वार्षिक उत्पन्नाची किमान मर्यादा १८,६०० पौंड ठरविण्यात आली आणि एप्रिल २०२४ मध्ये नव्या अर्जदारांसाठी ती २९,००० पौंडांवर नेण्यात आली.

६. अंतिम निर्णय कोणाचा?

अमेरिकेत देशांतर्गत कार्यालयाने नाकारलेल्या अर्जाविरुद्ध दाद मागता येते. परंतु वकिलातीतील अधिकाऱ्याने व्हिसा नाकारल्यास न्यायालये सामान्यतः हस्तक्षेप करीत नाहीत. जून २०२४ मध्ये मुन्योस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी असे ठरविले, की आपल्या परदेशी जोडीदारास देशात प्रवेश मिळावा, हा नागरिकाचा संविधानदत्त मूलभूत हक्क नाही. विवाहाचा हक्क मूलभूत आहे, पण त्या विवाहातील जोडीदारासह स्वदेशात राहण्याचा हक्क त्यातून आपोआप निष्पन्न होत नाही, असा ह्या निर्णयाचा अर्थ होतो. अल्पमतातील न्यायाधीशांचा आक्षेप नेमका ह्याच विभाजनावर होता.

भारतीय कायद्यातही हा विषय स्थिर राहिलेला नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात विवाहाच्या आधारे नोंदणीची सवलत मुळात केवळ भारतीय नागरिकांच्या परदेशी पत्नींना होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती पतींनाही मिळाली. आज त्यासाठी अर्जापूर्वी सात वर्षांचे भारतातील वास्तव्य आवश्यक आहे.

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की राज्याने विवाहाच्या खरेपणाचा शोध घेताना आतापर्यंत तीन गोष्टी तपासल्या : एकत्र राहण्याचा इरादा, विवाहामागील हेतू आणि पोषणाची ऐपत. यांपैकी पहिली गोष्ट विवाहाच्या स्वरूपाशी निगडित आहे. दुसरीने मनुष्याच्या मनातील संमिश्र हेतूंची विभागणी करण्याचा प्रयत्न केला व तो सोडून द्यावा लागला. तिसरीचा विवाहाच्या खरेपणाशी संबंधच नाही. खोट्या विवाहांना आळा घालण्याचा राज्याचा अधिकार कोणी नाकारीत नाही. परंतु कसोटी लावताना विलंबाचा व चुकीचा भार कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. खोटे जोडपे प्रतीक्षेत काहीच गमावीत नाही. खऱ्या जोडप्याची मात्र सहजीवनाची वर्षे त्या प्रतीक्षेत खर्ची पडतात, आणि कोणत्याही अपिलाने ती परत मिळत नाहीत. महाराष्ट्रातील विवाहप्रथा आणि परदेशी वकिलातींच्या पुराव्याविषयीच्या अपेक्षा यांचा तुलनात्मक अभ्यास विधी व समाजशास्त्र ह्या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा आहे.