पुस्तक न मागणारे वाचक

आमच्या डोणगावच्या वाचनालयात पुस्तक मागणारे थोडेच. सकाळी पेपरसाठी म्हातारी मंडळी येतात, दुपारी पोलीस भरतीची पोरं. मेहकरच्या एसटीला अवकाश असला की कुणी बाई प्लास्टिकची पिशवी घेऊन दारात उभी राहते. पिशवीत कागद असतात. "भाऊ, एवढं वाचून सांगजा."

मी वाचतो. बहुतेक वेळा संजय गांधी निराधार योजनेचं काम निघतं. विधवा बाईला दरमहा 1,500 रुपये मिळतात. पण त्यासाठी तिला नवऱ्याचा मृत्यूदाखला हवा, रहिवासी दाखला हवा आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला हवा. म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नाहीत! यात घर कसं चालतं हे कुणी विचारत नाही, दाखला मात्र तेवढ्याचाच लागतो.

अर्ज भरून देणं मला जमतं. अडतं त्यापुढे. सही करता करता ती सांगून जाते, की दीर सातबाऱ्यावर नाव लागू देत नाही, थोरलीची शाळा सुटली, रात्री झोप येत नाही. एका अर्जामागे असे तीन प्रश्न असतात. आधी कुठला हाती घ्यायचा, कुणाकडे पाठवायचं, महिन्याने पुन्हा विचारपूस कशी करायची आणि ऐकलेलं पोटात कसं ठेवायचं, हे शिकलेला माणूस म्हणजे समाजकार्याची पदवी घेतलेला कार्यकर्ता. गावात हौशी कार्यकर्ते पुष्कळ. पण त्यातला एक दिराचा मित्र असतो, दुसरा कुठल्या तरी पक्षाचा. त्यांच्यापुढे ती तोंड उघडेल कशाला?

असा शिकलेला माणूस वाचनालयातच बसवता येतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2009 मध्ये लीआ एस्गेरा या समाजकार्यकर्तीची पूर्णवेळ नेमणूक केली. बेघर माणसं दिवसभर तिथेच येऊन बसत. त्यांना हाकलण्याऐवजी निवारा, दवाखाना, सरकारी मदत यांची वाट दाखवायची असं ठरलं. पुढे रस्त्यावरचं जिणं भोगलेल्या काहींनाच शिकवून या कामावर घेतलं. मला हे सगळ्यात जास्त पटलं.

आपल्याकडे 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, वर्गवारीप्रमाणे अनुदान आहे आणि 2022 मध्ये त्यात 60 टक्के वाढही जाहीर झाली. तरी लहान वाचनालय म्हणजे बहुधा एकटा ग्रंथपालच. नवं पद मागण्यात अर्थ नाही. मात्र समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातच क्षेत्रकार्य करावं लागतं. ते वाचनालयात का नको? शिकवणाऱ्याची देखरेख हवी, नाहीतर पोरगं येणार, वहीत सह्या घेणार आणि जाणार. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवकही बसू शकतात. 1987 च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे, मनाच्या त्रासासाठी 14416. दोन्ही मी फळ्यावर लिहून ठेवलेत. पण पेपर वाचणारी पाच माणसं कान टवकारून बसलेली असताना तिथून फोन कोण लावणार?

म्हणून आधी खोली हवी. मागची खोली जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यांनी भरली आहे. रद्दी विकायला कार्यकारिणीचा ठराव लागतो. पुढच्या बैठकीत तो विषय मी पहिल्या क्रमांकावर टाकलाय, गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेच्याही वर. कुरबुर होईलच.