इंग्रजी सुधारायला 'पेपर वाच' म्हणतात, पण मोठ्या माणसांनी नेमकं वाचायचं काय?

इंग्रजी सुधारायचंय असं कोणी म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: रोज इंग्रजी पेपर वाच. माणूस उत्साहाने सुरुवात करतो. पहिल्याच बातमीत दहा-पंधरा शब्द अडतात, डिक्शनरी बघण्यात अर्धा तास जातो आणि आठवड्याभरात पेपर रद्दीत जातो. मग निष्कर्षही ठरलेलाच. "या वयात आता डोक्यात शिरत नाही."

दोष वयाला दिला जातो, पण बऱ्याचदा चूक झालेली असते ती मजकूर निवडताना.

उरणमध्ये हा प्रश्न थेट पगाराशी जोडलेला आहे. शेती, मिठागरं आणि मासेमारीवर चालणाऱ्या या तालुक्यात १९८९ साली न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि कामाची भाषाच बदलली. डिलिव्हरी ऑर्डर, शिपिंग बिल, गेट पास, सगळे कागद इंग्रजीत. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. नोकऱ्या जवळ आल्या, पण त्यांचे अर्ज आणि नियम इंग्रजीतच.

त्यात महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत गेलेल्यांची इंग्रजीशी गाठ पडायची ती पाचवीत. म्हणजे आज तिशी-चाळिशी ओलांडलेल्या अनेकांनी ही भाषा उशिरा आणि तीही परीक्षेपुरतीच वाचली.

१०० शब्दांत किती अडले?

योग्य मजकूर ओळखायची सोपी परीक्षा आहे. कुठलाही १०० शब्दांचा उतारा घ्या आणि अजिबात माहीत नसलेल्या शब्दांखाली रेघ मारा.

एक-दोन रेघा आल्या, तर मजकूर एकट्याने वाचण्यासारखा आहे. तीन ते पाच आल्या, तर सोबत कोणीतरी किंवा डिक्शनरी हवी. पाचच्या वर गेल्या, तर तो मजकूर सध्या बाजूला ठेवा.

हे आकडे हवेतले नाहीत. मार्सेला हू आणि पॉल नेशन या अभ्यासकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्टीतले ८० टक्के शब्द ओळखीचे असूनही एकाही वाचकाला ती पुरेशी कळली नाही. ९५ टक्क्यांवर काहींना कळली. मदतीशिवाय नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द माहीत हवेत, असं त्यातून निघालं. इंग्रजी पेपर किंवा कादंबरी या पातळीवर वाचायची तर मूळ शब्द आणि त्यांची रूपं मिळून केलेले ८ ते ९ हजार शब्दगट लागतात, असा हिशोब नेशन यांनी २००६ मध्ये मांडला. नवशिक्याला पेपर का झेपत नाही, याचं उत्तर इथे मिळतं.

मग काय, लहान मुलांची पुस्तकं वाचायची?

तिथे दुसरी अडचण येते. शब्द सोपे असतात, पण ससा आणि कासवात पन्नाशीच्या माणसाला रस कसा वाटणार? शिवाय लोकलमध्ये चारचौघांत ते पुस्तक उघडायला संकोच वाटतो. घर चालवणाऱ्या, युनियनच्या मीटिंगमध्ये भांडणाऱ्या माणसाचं इंग्रजी कच्चं असेल, समज कच्ची नसते. त्याला हवा असतो मोठ्यांचा विषय सोप्या भाषेत.

या अडचणीवरचा एक तोडगा तेव्हाच्या अखंड भारतातच घडला. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात ढाक्याला होते. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत दुर्मीळ शब्दांची गर्दी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी अवघड शब्दांच्या जागी रोजचे शब्द घालून गोष्टी पुन्हा लिहिल्या आणि नवे शब्द थोडे थोडे पेरले. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी आली.

आज याच पद्धतीच्या पुस्तकांना ग्रेडेड रीडर्स म्हणतात. ऑक्सफर्ड बुकवर्म्स मालिकेत सुरुवातीची पायरी २५० मूळ शब्दांची आहे, शेवटची २,५०० ची. रहस्यकथा, प्रवास, चरित्र असे विषय मोठ्यांचे, भाषा पायरीपायरीने वाढणारी. बातम्यांसाठीही असा प्रयत्न झाला होता: व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये सोपी इंग्रजी सेवा सुरू केली होती, ती सुमारे १,५०० शब्दांच्या आधारावर.

घरात लहान मूल असेल तर मात्र मुलांची पुस्तकं उपयोगी पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी आणि इंग्रजी गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या. नातवाला गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आजीला कोणी हसत नाही.

आधी माहीत असलेला विषय निवडा

अर्थ फक्त शब्दांतून लागत नाही, आधीची माहितीही मदत करते. चिरनेरचा २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह उरणकरांना सांगावा लागत नाही. त्यावरचा इंग्रजी मजकूर हातात आला तर पोलीस, गोळीबार, जंगल हे शब्द संदर्भानेच उलगडतात. घारापुरीही उरण तालुक्यातच. तिथल्या लेण्यांची माहिती स्थानिक विक्रेत्याला पाठ असते, म्हणून तीच माहिती इंग्रजीत वाचणं त्याला तुलनेने सोपं जातं. पर्यटकांशी बोलताना लगेच वापरताही येते.

पेपरच वाचायचा असेल तर आधी बातमी मराठीत वाचा, मग तीच इंग्रजीत. आणि आठवडाभर एकाच विषयाला धरून राहा. लोकलच्या वेळापत्रकाच्या चार बातम्या वाचल्या तर तेच शब्द चारदा भेटतात आणि लक्षात राहतात.

कामाचे कागद सोडू नका

कामावरचा कागद अवघड असला तरी त्याला वेगळा नियम लावावा लागतो, कारण तो न कळण्याची किंमत मोजावी लागते. कंटेनर मोफत मुदतीनंतरही बंदरात पडून राहिला की साधारणपणे डेमरेज लागतं. बाहेर नेलेला कंटेनर वेळेत परत केला नाही की डिटेन्शन. दोन्ही शब्द रोज कानावर पडतात, पण फरक माहीत नसेल तर बिलावर वाद कसा घालणार? कंटेनरच्या दारावर लिहिलेलं 'टेअर' म्हणजे रिकाम्या कंटेनरचं वजन आणि 'मॅक्स ग्रॉस' म्हणजे मालासकट चालणारं जास्तीत जास्त वजन.

असा कागद एका बैठकीत संपवायचा नाही. रोज तीन ओळी, जाणकार सहकाऱ्यासोबत. त्यातले पाच शब्द वहीत मराठी अर्थासह लिहायचे. हे झालं काम. वेग आणि सवय यासाठी सोपं वाचन वेगळं ठेवायचं. दोन्हींची गल्लत केली की वाचनाचा कंटाळा येतो.

शिकवणाऱ्यांसाठी एक गोष्ट

वर्ग चालवत असाल तर सगळ्यांना एकच पुस्तक देऊ नका. ट्रेलर चालवणारा, बचत गटाची हिशोबनीस आणि बोटीवर जायची तयारी करणारा तरुण यांची गरज वेगवेगळी असते. पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारा: कुठला इंग्रजी कागद समोर आला की तुम्ही दुसऱ्याला वाचायला देता? बहुतेकदा अभ्यासक्रम त्या उत्तरातच सापडतो.

आणि प्रगती मोजायची कशी? ज्या १०० शब्दांच्या उताऱ्यावर पहिल्या दिवशी रेघा मारल्या, तो जपून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा काढा आणि आता किती रेघा उरल्या ते मोजा.