उष्टी हळद आणि पिवळा दोरा

मराठी घरात हळदीचा क्रम ठरलेला असतो. आधी नवऱ्या मुलाला लागते, मग त्याच वाटीतली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे जाते. आता नवरी नाहूरची, घर मूळचं साताऱ्याकडचं. आणि नवरा भांडुपमध्ये वाढलेला, पण आईवडील पालक्काडचे नायर, असं धरून चालू. पालक्काडच्या घरात मुलाला पाटावर बसवून हळद लावायची चालच नाही. मुलाला हळद लागली नाही, तर मुलीसाठी उष्टी हळद आणायची कुठून? मुलीच्या आत्यानं हा प्रश्न काढला की तो हसण्यावारी नेता येत नाही. हळद घेऊन येणाऱ्या बायकांचं स्वागत, करवलीचा मान, तिची साडी, ओट्या हे सगळं त्या एका वाटीला बांधलेलं असतं.

अशा लग्नांविषयी आपण बोलतो ते बहुधा फोटो बघून. नवरीला मुंडावळ्या, नवऱ्याला सोनेरी काठाचं मुंडू, किती छान दिसतंय. पण विधी म्हणजे देखावा नव्हे; तो कोणाचं तरी काम असतो, कोणाचा तरी मान असतो. नवा विधी घातला तर हॉलचा एखादा तास वाढेल. जुना गाळला तर मात्र घरातलं एक माणूस दिवसभर रिकामं बसतं, आणि ते पुढची वीस वर्षं प्रत्येक बारशाला तो विषय काढतं. म्हणून दोन घरांच्या चालीरीती जुळवायच्या असतील तर विधींची यादी करण्याआधी माणसांची यादी करावी, असं माझं मत आहे.

नाहूर हे या बोलण्याला अगदी योग्य ठिकाण. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं हे स्टेशन २००६ साली सुरू झालं, आणि कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले तशी इथली वस्ती बदलत गेली. एका अंगाला मुलुंडचे गुजराती, कच्छी लोहाणा आणि तमिळ, दुसऱ्या अंगाला भांडुपचे मल्याळी आणि कोकणातून आलेले मराठी, मध्येच गावठाणातले आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती. मुलं एकाच क्लासला जातात, एकाच लोकलला लटकतात. लग्न जमायला आणखी काय लागतं?

या मिश्रणाला शास्त्राचा आधार नाही, असं कुरकुरणाऱ्या काकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. महाराष्ट्रातले ऋग्वेदी ज्या आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणे लग्न लावतात, ते विवाहाचं प्रकरण सुरू करतानाच मान्य करतं की देशोदेशीच्या आणि गावोगावच्या चाली नाना प्रकारच्या असतात आणि लग्नात त्या पाळाव्यात. तमिळ यजुर्वेद्यांचं आपस्तंब गृह्यसूत्र तर आणखी पुढे जातं. मंत्रात नसलेल्या चाली बायकांकडून समजून घ्याव्यात, असं ते सांगतं. म्हणजे आत्याचा प्रश्न सूत्रकारांनी आधीच आत्याच्या हाती सोपवला होता. आणि ज्या मंगळसूत्रावरून आज सगळ्यात जास्त चर्चा होते, त्याचा या सूत्रांत पत्ताच नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे नोंदवून ठेवलंय.

खरा पेच असतो मुहूर्ताचा. मराठी लग्नात मुहूर्ताची घटका म्हणजे अंतरपाट दूर होण्याची घटका. मंगलाष्टकं संपतात, शेवटचं ‘सावधान’ होतं, अक्षता पडतात, वाजंत्री कडाडतात आणि लग्न लागलं. मंगळसूत्र नंतर निवांत, होमाच्या आसपास, निम्मे पाहुणे पंगतीकडे सरकलेले असताना. मल्याळी लग्नात मुहूर्त म्हणजे ताली बांधण्याचा क्षण. समया तेवत असतात, पितळी परा म्हणजे धान्याचं माप भाताने भरून त्यात नारळाचा तुरा उभा केलेला असतो, ओवाळणीची ताटं घेतलेल्या मुली नवरीला मांडवात आणतात. आणि ताली गळ्यात पडते त्या क्षणी नादस्वरम् आणि तविल असे काही उसळतात की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग नवरा नवरीला पुडवा म्हणजे नवी साडी देतो, मुलीचा बाप तिचा हात त्याच्या हाती देतो, दोघं दिव्याभोवती फिरतात आणि मंडळी सद्येला, केळीच्या पानावरच्या जेवणाला उठतात. सगळं मिळून अर्धा ताससुद्धा लागत नाही. मराठी पाहुणा पार्किंगमधून वर येईपर्यंत लग्न झालेलं असतं.

एकच मुहूर्त आणि त्यावर हक्क सांगणारे दोन क्षण. यावर जो तोडगा सहज निघू शकतो तो मला फार आवडतो. अंतरपाट मुहूर्ताच्या तीनचार मिनिटं आधी धरायचा, मंगलाष्टकं मोजकी म्हणायची, अंतरपाट खाली आला की हार घालायचे आणि तिथंच, अक्षता अंगावर असतानाच, ताली बांधायची. सनई आणि नादस्वरम् एकमेकांत मिसळले तर मिसळू द्यावेत. यात बळी जातो तो स्वरचित मंगलाष्टकांचा. वधूच्या मामींनी दोन्ही घराण्यांतल्या झाडून सगळ्यांची नावं गुंफून रचलेली सोळा कडवी चार मिनिटांत बसत नाहीत. पण मामींना गाळू नये. आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजनाला, माइक त्यांच्या हाती द्यावा.

गळ्यात काय घालायचं, हा पुढचा प्रश्न. मल्याळी हिंदू ताली बहुधा पानाच्या आकाराची, इवलीशी, आणि लग्नाच्या वेळी ती पिवळ्या दोऱ्यात ओवलेली असते. आपल्याकडे काळे मणी आणि दोन वाट्या; एक माहेरची, एक सासरची असं आपण मानतो. दक्षिणेतल्या जुन्या बायकांना मंगलकार्यात काळा रंग खपत नाही, आणि आपल्या आजीला काळ्या मण्यांवाचून गळा ओका वाटतो. सोनाराकडे गेलं तर दोन्ही साधतं. मुहूर्ताला पिवळा दोरा बांधावा, आणि नंतर तीच ताली दोन वाट्यांच्या मधोमध काळ्या मण्यांत ओवून घ्यावी. वाट्या मुळातच दोन घरांच्या आहेत. मध्ये आणखी एक पान आलं म्हणून बिघडत नाही. फक्त ओवणारा सोनार ओळखीचा असावा. अनोळखी असला तर तो तुम्हाला हिऱ्याचं पेंडंट दाखवायला लागतो.

मुलुंडच्या गुजराती घरात मुलगी द्यायची असेल तर काम बरंच सोपं. अंतरपट त्यांच्याकडेही असतो. आपल्याकडे मामा भाचीला बोहल्यावर आणतो. त्यांच्याकडे मामा मामेरं घेऊन येतो आणि नवरीचं पांढरं-लाल पानेतर आजोळहून येतं. सासरचं घरचोळं नंतर अंगावर पडतं. म्हणजे साताऱ्याच्या मामाला दुसरं काही सांगायला नको, फक्त पैठणीच्या जोडीला एक पानेतर घ्यायला सांगायचं. सासूनं जावयाचं नाक पकडायची त्यांची चाल मात्र आपल्या सासूला आधी नीट समजावून द्यावी, नाहीतर ती बिचारी हात आवरत उभी राहते आणि व्हिडिओवाला तीन वेळा पुन्हा करायला लावतो. तमिळ ब्राह्मण लग्नात वधूवर हार घालताना मामालोक दोघांना उचलून धरतात. तालीची पहिली गाठ नवरा मारतो आणि पुढच्या गाठी त्याची बहीण. आपल्या करवलीला तिथं आयतंच काम आहे. लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालणारा भाऊ आणि दगडावर पाय ठेवणारी नवरी तर दोन्हीकडे सारखीच.

गंमत म्हणजे ज्या चाली कोणत्याच विहिणीच्या घरच्या नाहीत, त्यांना आपण कधी आडकाठी केली नाही. ‘हम आपके हैं कौन’ १९९४ साली आला आणि पाहता पाहता नाहूर-भांडुपच्या करवल्या जोडे लपवायला लागल्या. संगीत आलं, मेंदीवाल्या आल्या, शेरवानी आली, आणि आता हळदीला सगळ्यांनी पिवळं घालायचा हुकूम आला. त्यावर कोणी बैठक घेतली नाही. आणि भांडुपच्या विहिणीनं समईची जागा ईशान्येला मागितली की लगेच ‘आमच्यात असं नसतं’. पडद्यावरच्या परक्याला मुभा आणि सोयऱ्याची मात्र झाडाझडती, हे मला कधी पटलेलं नाही.

या भागातल्या सगळ्यात जुन्या मिश्र लग्नाकडे तर आपलं लक्षच जात नाही. साष्टीतले ईस्ट इंडियन. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली मराठ्यांनी घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथले अनेक लोक ख्रिस्ती झाले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, त्यांनी हे नाव घेतलं. नाव इंग्रजी, बोली मराठी. लग्न चर्चमध्ये, पण त्याआधी बायका बँड लावून, गाणी म्हणत विहिरीवर जातात आणि उंबराचं पाणी आणतात. त्या पाण्यानं नवरानवरीची आंघोळ. पांढरा गाऊन घालणाऱ्या नवरीच्या घरात लुगड्याचाही मान असतो. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशननं फर्मान काढून लग्नातल्या ओव्या, फुलाविड्यांची देवघेव अशा कितीतरी गोष्टींवर बंदी घातली होती. तरी बायकांच्या हातातलं पुष्कळ काही टिकलं. केरळच्या सीरियन ख्रिस्ती लग्नात आजही नवरा मिन्नू बांधतो. तिच्यावर क्रूस असतो, आणि तिचा दोरा नवरीला दिलेल्या मंत्रकोडी साडीचेच सात धागे काढून वळतात.

कायद्याचं म्हणाल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा या बाबतीत मोकळा आहे. कलम ७ प्रमाणे दोघांपैकी कोणाही एकाच्या रूढीनं लग्न लागलं तरी ते पुरतं. सप्तपदी ज्या रूढीत आहे तिथं सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. नायर लग्नात ती परंपरेनं नाही, म्हणून ते लग्न अपुरं ठरत नाही. पण काहीच न करता नुसता दाखला काढला तर? सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केलं की विधी न होता मिळवलेल्या नोंदणीच्या कागदानं हिंदू विवाह होत नाही. उलट विधी झाल्यावर नोंदणी टाळू नये. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यात त्यासाठी नव्वद दिवसांची मुदत आहे. मुलगा पालक्काडचा नायर नसून कोट्टायमचा ख्रिस्ती असेल आणि धर्म कोणी बदलायचा नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा: तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. हॉल बुक करण्याच्या आधी ती नोटीस द्यावी; उलट क्रम केला की तारखांची फजिती होते.

भटजींची निवड हाही या सगळ्यात मोठा भाग. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं स्त्रीपुरोहित तयार केले आणि प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत सांगायची पद्धत रुळवली. मिश्र लग्नाला असा पुरोहित फार उपयोगी पडतो, कारण भांडुपच्या मंडळींना मराठी येत असतं, त्यांना येत नसतो तो विधी. आपल्या बाजूच्या पाहुण्यांनाही तो येत नसतो, पण ते कबूल करत नाहीत.

राहिला प्रश्न उष्ट्या हळदीचा. तो मुलाच्या आईनंच सोडवला तर चांगलं. “अहो, पाच बायकांनी बोट लावलं तरी पुरे,” असं आत्यानं म्हणावं, “पण वाटी तुमच्याकडून यायला हवी.” वाटी येते. भांडुपहून नाहूरला रिक्षानं यायला कितीसा वेळ लागतो?

गृहप्रवेशाला मात्र एक गोष्ट आधी बोलून घ्यावी. आपली नवरी तांदळानं भरलेलं माप उजव्या पायानं लवंडून आत येते. पालक्काडच्या घरात तसंच माप भरलेलं ठेवण्यात मंगल असतं, आणि सून येते ती हातात पेटता दिवा घेऊन. धान्याला पाय लागलेला पाहून तिथल्या आजी दचकल्या, तर त्यात त्यांचं काही चुकत नाही. माहेरच्या हट्टानं त्यांच्या उंबऱ्यावर माप लवंडू नये. उंबरा त्यांचा, तिथली रीत त्यांची. दिवा घेऊन जावं.

आणि नावाचं काय? आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मल्याळी घरात आडनावाच्या जागी बहुधा वडिलांच्या किंवा घराच्या नावाचं आद्याक्षर असतं, तेव्हा नाहूरच्या मोहित्यांच्या मुलीनं पुढे काय लावायचं, हे ताटासमोर बसून ठरत नाही. कायद्याला नाव बदललेलं लागत नाही. तिचं पॅन, पासपोर्ट, नोकरीचे कागद जुन्याच नावावर चालू राहतात. अंगठी हातात घेण्याच्या आधी, शक्य तर साखरपुड्यालाच, नवऱ्यानं तिला विचारून ठेवावं.