मोटार का अडली?

आजीने घातलेले एक जुने कोडे तुम्ही नक्कीच ऐकले असेल. घोडा का अडला? पान का सडले? भाकरी का करपली? प्रश्न तीन, पण उत्तर एकच : न फिरवल्यामुळे! आज या कोड्यात आपण चौथ्या प्रश्नाची भर घालू. मोटार का अडली? याही प्रश्नाला तेच उत्तर लागू पडते का, हे भौतिकी आणि रसायनशास्त्र यांच्या मदतीने तपासून पाहू.

त्यासाठी प्रथम कल्पनेनेच लंडनला जाऊ. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, सूर्योदयाच्या सुमारास, तेथील हाइड पार्कमध्ये शेकडो मोटारी जमतात. कोणाची चाके बैलगाडीसारखी लाकडी आऱ्यांची, कोणाला सुकाणूचक्राऐवजी नुसता दांडा, तर कोणाला डोक्यावर छप्परच नाही. १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्या मोटारींनाच या मेळ्यात प्रवेश मिळतो. म्हणजे यांतील प्रत्येक मोटारीचे वय आज १२० वर्षांहून अधिक आहे. या वृद्ध मोटारी समुद्रकाठच्या ब्रायटन गावापर्यंत सुमारे ६० मैल, म्हणजे जवळजवळ ९६ किलोमीटर, स्वतःच्या बळावर धावतात.

या धावेमागे एक इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्यानुसार रस्त्यावरील यांत्रिक वाहनापुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे लागे आणि वेग ताशी ४ मैलांपेक्षा जास्त ठेवता येत नसे. पुढे निशाणाची सक्ती गेली, पण वेगाचे बंधन राहिलेच. १८९६ मध्ये ही मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवण्यात आली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन असा प्रवास केला. त्याची आठवण म्हणून १९२७ पासून, मधल्या काही वर्षांचा खंड सोडला तर, ही धाव नेमाने चालू आहे.

आता खरा प्रश्न. एवढी मौल्यवान वस्तू आपल्याकडे असती तर आपण ती कापडात गुंडाळून कुलपात ठेवली असती. मग हे लोक आपल्या मोटारी नोव्हेंबरच्या थंडीपावसात रस्त्यावर का आणतात? केवळ हौस म्हणून? हौस तर आहेच. पण त्यामागे विज्ञानही आहे.

तेलाचा पापुद्रा

एंजिनातील क्रँकशाफ्ट हा जड दांडा बेअरिंगमध्ये फिरतो. फिरताना तो बेअरिंगच्या धातूला टेकत नाही, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेल ओढून घेतो. हे तेल पाचरीसारख्या निमुळत्या फटीत शिरते, तेथे त्याचा दाब वाढतो आणि दांडा त्या तेलावर तोलला जातो. तेलाचा हा पापुद्रा अवघा काही मायक्रॉन जाडीचा असतो. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) धातू आणि धातू यांच्यामध्ये जोवर हा पापुद्रा आहे, तोवर झीज जवळजवळ होत नाही.

दांडा थांबला की तेलातील दाब नाहीसा होतो आणि दांडा खाली टेकतो. महिनोन्‌महिने मोटार उभी राहिली तर सिलिंडरच्या भिंतींवरचे तेलही ओघळून खाली जाते. उघड्या पडलेल्या लोखंडाला हवेतील ऑक्सिजन आणि बाष्प भिडतात व गंज चढू लागतो. मग कधीतरी एंजिन सुरू केले, की दट्ट्याच्या कड्या त्या गंजावरून खरवडत जातात. जी झीज वर्षभराच्या चालण्याने झाली नसती, ती पहिल्या काही क्षणांत होऊन बसते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी अशा दमट, खारट हवेच्या गावी तर गंजाची ही घाई अधिकच असते.

लिटरभर पेट्रोल, लिटरभर पाणी

‘मग आठवड्यातून एकदा जागच्या जागी पाच मिनिटे एंजिन सुरू करून ठेवले म्हणजे झाले!’ असे कोणी म्हणेल. अनेक जण करतातही तसेच. पण हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरू शकतो. कसा, ते गणितानेच पाहू.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. सोयीसाठी ते सर्व ऑक्टेन आहे असे मानू. ऑक्टेनच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. त्याचा रेणुभार ११४. तो पूर्ण जळला की पाण्याचे ९ रेणू तयार होतात. त्यांचा एकूण भार १६२. म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनपासून १६२ ग्रॅम पाणी! एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ७४० ग्रॅम धरा आणि त्रैराशिक मांडा. उत्तर १०५० ग्रॅमच्या आसपास येईल. थोडक्यात, लिटरभर पेट्रोल जाळले की सुमारे लिटरभर पाणी तयार होते.

एंजिन गरम असेल तर हे पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर पडते. पण एंजिन थंड असेल तर? या धुरातील वाफ साधारण ५० अंश सेल्सिअसच्या खाली गेलेल्या पृष्ठभागावर दवासारखी जमते. काही पाणी धुराच्या नळीत साचते, तर काही दट्ट्याच्या कडेने झिरपून वंगणतेलात मिसळते. तेथे ज्वलनातून आलेली आम्लद्रव्येही असतात. पाणी आणि आम्ल मिळून आतून धातू खात राहतात. पाच मिनिटांत एंजिन हे पाणी तयार करण्याइतके चालते, पण ते उडवून लावण्याइतके तापत नाही.

याची प्रचीती घरीच घ्या. मात्र शिक्षक किंवा घरातील मोठी माणसे जवळ असू द्या. स्टीलच्या वाटीत थंड पाणी भरा, वाटी चिमट्याने धरून पेटत्या मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडी वर न्या आणि तिच्या बाहेरच्या बाजूकडे पाहा. क्षणभर धुके धरलेले दिसेल. मेणही हायड्रोकार्बनच आहे. हे त्याच्या ज्वलनातून आलेले पाणी होय. वाटी तापू लागली की धुके नाहीसे होईल. वाटीच्या जागी एंजिन आहे अशी कल्पना करा. म्हणूनच जाणकार सांगतात, की मोटार सुरू करायची तर ती रस्त्यावर काढा, चांगली अर्धा तास तरी चालवा आणि एंजिनाबरोबर तेलही नीट तापू द्या.

टायरलाही व्यायाम हवा

हवेत अत्यल्प प्रमाणात ओझोन असतो. ताणलेल्या रबराच्या लांब रेणुसाखळ्या तो तोडतो व रबराला बारीक भेगा पडतात. हे टाळण्यासाठी टायरच्या रबरात विशिष्ट मेण व इतर संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरताना सतत दबतो आणि फुगतो. या मळण्यामुळे ती द्रव्ये पृष्ठभागाकडे येत राहतात आणि तेथे पातळ कवच धरतात. उभ्या मोटारीच्या टायरला हा लाभ मिळत नाही. शिवाय सर्व भार एकाच जागी पडून तेथे टायर चपटा होतो, तो वेगळाच.

बॅटरीचेही तसेच. शिसे-आम्ल बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप हळूहळू उतरते. तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक तयार होतात. लवकर विद्युत्‌भार दिला तर ते पुन्हा विरघळतात. पण फार दिवस गेले की ते मोठे आणि कठीण होतात व बॅटरी निकामी होते. टाकीतील पेट्रोलही शिळे होते. त्यातील हलके घटक उडून जातात आणि चिकट राळ मागे राहते. आपल्याकडे आता मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्यांना मानवत नाही. नियमित चालणाऱ्या मोटारीत निदान पेट्रोल ताजे राहते; नळ्या मात्र बदलून घ्याव्या लागतात. फिरवणे हा सर्व रोगांवरचा रामबाण उपाय नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

मग संग्रहालये चुकतात का?

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘चालवल्याने झीज होत नाही का?’ होते तर! प्रत्येक धावेत काहीतरी झिजते, मोडते आणि मूळचा भाग जाऊन तेथे नवा येतो. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेली तीनचाकी मोटार म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. तिचा प्रत्येक मूळ भाग हा इतिहासाचा पुरावा आहे. तो झिजला तर पुन्हा मिळणार नाही. अशा एकमेव वस्तूला विश्रांतीच योग्य; मात्र तिला कोरडी हवा आणि सततची देखभाल हवी. तिच्या हुबेहूब प्रतिकृती तयार करून त्या चालवल्या जातात. पण ज्या मोटारींची अनेक भावंडे शिल्लक आहेत, त्यांपैकी काही तरी चालत्या राहायलाच हव्यात. त्याचे कारण केवळ गंज नव्हे.

१८८८ मध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बेर्था, पतीला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्यांच्या मोटारीने मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. वाट सुमारे १०० किलोमीटरची. चढावर गाडी ढकलावी लागली, लाकडी ब्रेक झिजले तेव्हा तिने चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले, आणि वाटेतल्या औषधांच्या दुकानातून इंधन विकत घेतले. यंत्रात काय उणे आहे, ते कार्यशाळेत नव्हे, रस्त्यावर कळले. पुढे बेंझ यांनी चढासाठी जादा गिअर बसवला.

आता फोर्डची ‘मॉडेल टी’ पाहा. १९०८ ते १९२७ या काळात तिचे दीड कोटींवर नग तयार झाले. तिलाही पायाखाली तीन पट्ट्या आहेत. पण डावी गिअरची, मधली मागे जाण्याची आणि उजवी ब्रेकची! वेग वाढवायचा तो सुकाणूजवळच्या दांडीने, हाताने. आजचा निष्णात चालकही तिच्यावर बसला तर गोंधळेल. काचेआडची ‘मॉडेल टी’ तुम्हांला तिचा आकार दाखवील, पण ती कशी चालवायची, हे शिकवू शकणार नाही. ते ज्ञान माणसाच्या हातापायांत असते आणि एकाकडून दुसऱ्याकडे चालत्या गाडीवरच जाते. एक पिढी चुकली तर यंत्र उरेल, विद्या मात्र जाईल.

आपल्या देशात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. अशी वाहने रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाहीत. प्रदर्शन, मेळावा, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी मात्र ती रस्त्यावर आणता येतात. तेव्हा तुमच्या गावी जुन्या मोटारींचा मेळावा भरला तर नुसते फोटो काढून परतू नका. मालकाला नमस्कार करून विचारा, ‘काका, ही सुरू कशी करतात? तेल कुठून घालतात? दाखवाल का?’ बहुतेक मालक आनंदाने दाखवतील.

आणि घरी कोपऱ्यात उभी असलेली तुमची सायकल? साखळीला तेल द्या, टायरमध्ये हवा भरा आणि तिला एक फेरफटका मारून आणा. आजीच्या कोड्यात सायकल नव्हती, पण उत्तर तिलाही लागू आहे.