हात धरून न्यायचे की हात बांधून?

घरातला मुलगा नशेत अडकला की पहिले काही महिने लपवाछपवीत जातात. मोहल्ल्यात कळू नये, बहिणीच्या लग्नात अडचण येऊ नये, म्हणून आई घरातून गेलेले पैसे गुपचूप भरून काढते. मग सगळे असह्य होते आणि कुणीतरी सुचवते, ‘एक केंद्र आहे. रात्री गाडी पाठवून उचलून नेतात, सहा महिने सोडत नाहीत.’ वडील म्हणतात, नेऊ द्या. आई म्हणते, त्याच्या मनाविरुद्ध नेऊन काय उपयोग? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

सोलापूरकरांना हा प्रश्न परका नाही. २०१६ मध्ये शहराजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत ठाणे पोलिसांनी एफेड्रिनचा प्रचंड साठा पकडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी त्याच भागात एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवणारा कारखाना उघडकीस आणला. कारखाने पोलीस पकडतील. व्यसनी मुलाचे काय करायचे, हे मात्र घरालाच ठरवावे लागते.

वडिलांची बाजू

नशा माणसाची विचारशक्तीच पोखरते. त्याला ‘इच्छा’ होईपर्यंत थांबलो आणि तोवर जीव गेला तर? कायद्यानेही ही भीती ओळखली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार येतात. रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, किंवा स्वतःची काळजीही घेऊ शकत नसेल आणि त्यामुळे धोक्यात असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला दाखल करता येते. पण त्यासाठी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असावाच लागतो. सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. या निर्णयाविरुद्ध रुग्णाला पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. साखळीने बांधून ठेवण्यास कायद्यात सक्त मनाई आहे.

म्हणजे कायदा सक्तीला जागा देतो, ती जीव वाचवण्यापुरती. एकदम सहा महिने कोंडून ठेवण्याची परवानगी तो देत नाही.

आईची बाजू

कोंडून ठेवले की नशा मिळत नाही, हे खरे. पण तल्लफ मनात तशीच राहते. ब्राऊन शुगरसारख्या पदार्थांत तर आणखी एक धोका असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. सुटून आलेला मुलगा पूर्वीइतकीच मात्रा घेतो आणि जिवाला मुकतो. दारू वर्षानुवर्षे पिणाऱ्याची ती वैद्यकीय देखरेखीशिवाय एकाएकी तोडली, तर झटके येऊन प्राणावर बेतू शकते. मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बारा संस्थांनी सर्व देशांना सक्तीची कोंडवाडा-केंद्रे बंद करण्याचे आवाहन केले होते.

पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केले. रुग्णाची स्वतःची तयारी हा तिथल्या उपचारांचा पाया राहिला. समुपदेशन, गटात बोलणे, कुटुंबाचा सहभाग आणि नंतरचा पाठपुरावा या मार्गाने हजारो माणसे तिथून घरी परतली.

आपल्या जिल्ह्यातही असाच अनुभव आहे. हातभट्टीवर वर्षानुवर्षे छापे पडले. भट्ट्या पुन्हा पेटल्या. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. छाप्यांसोबत मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत समुपदेशन केले, दुसरा कामधंदा मिळवून दिला. जे नुसत्या दंडुक्याने झाले नाही, ते माणसाला दुसरी वाट दाखवल्यावर होऊ लागले.

मग घराने काय करावे?

सक्ती आणि मोकळीक यांच्यामध्ये एक मोठी जागा आहे: घराचा ठामपणा. दारूबंदीचा हुकूमही टप्प्याटप्प्याने उतरला, हे आपण जाणतो. एका सहाबींना दारूपायी वारंवार शिक्षा झाली, पण कुणी त्यांना शाप देऊ लागताच रसूलुल्लाह (स.) यांनी त्याला रोखले. चुकीला माफी नव्हती, तरी माणसाला धुत्कारलेही नाही.

मुलगा ‘नाही’ म्हणत असेल, तर आधी घरच्यांनी समुपदेशकाला भेटावे. राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ मोफत आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागातही चौकशी करता येते. आई, वडील, मामा, चाचा यांनी एकच भूमिका घ्यावी: रोख पैसे नाहीत, उसनवारी कुणी फेडणार नाही, जेवण आणि उपचार मात्र हक्काचे. बोलणे नशा उतरल्यावर करावे. ‘कायमची सोड’ असे म्हणण्यापेक्षा ‘उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल’ एवढेच मागावे. हिंसा झाली तर लाजेखातर सहन करू नये; ११२ ला फोन करावा.

पोलिसांच्या भीतीने थांबू नये. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४ अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेली व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते.

केंद्र निवडताना नोंदणीचे प्रमाणपत्र मागा. डॉक्टर कधी येतात, मुलाला भेटू देतात का, घरी आल्यावर पाठपुरावा कोण करणार, हे विचारा. या प्रश्नांची उत्तरे टाळणाऱ्या केंद्राच्या गाडीत आपले मूल बसवू नका.