विश्लेषण : तणाच्या चिकापासून बनलेले त्वचेचे औषध बाजारातून का गेले?

चामखिळीवर रुईचा किंवा शेराचा चीक लावण्याचा घरगुती उपाय आपल्याकडे जुना आहे. ऑस्ट्रेलियातही युफोर्बिया पेप्लस या तणाचा पांढरा चीक त्वचेवरील गाठींना लावत. त्यातील विषारी घटकापासून ‘इंजेनॉल मेब्युटेट’ हे औषध तयार झाले. मात्र आठ वर्षांतच ते बंद झाले.

औषध कशासाठी होते?

वर्षानुवर्षे ऊन लागल्याने त्वचेवर खरखरीत चट्टे येतात. त्यांना ॲक्टिनिक केराटोसिस म्हणतात. त्यातील काहींचे पुढे ‘स्क्वॅमस सेल’ कर्करोगात रूपांतर होऊ शकते. अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. ‘पिकाटो’ नावाचे हे जेल चट्ट्यांवर फक्त दोन-तीन दिवस लावावे लागे.

पेशी कशा मरतात?

काही तासांतच पेशींतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, फुगतात, पेशीचे आवरण फाटते आणि ती मरते. त्वचा लाल होते, सुजते, खपली धरते. नंतर तेथे जमणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी उरलेल्या रोगट पेशींवर हल्ला करतात.

मग घोडे कुठे अडले?

युरोपात ४८४ रुग्णांवरील तीन वर्षांच्या अभ्यासात या जेलची तुलना इमिक्विमोड या क्रीमशी झाली. जेल वापरणाऱ्यांपैकी ३.३ टक्के, तर क्रीम वापरणाऱ्यांपैकी ०.४ टक्के रुग्णांना स्क्वॅमस सेल कर्करोग झाला. जानेवारी २०२० मध्ये युरोपात वापर थांबवला गेला. फायद्यापेक्षा धोका अधिक, असा निष्कर्ष एप्रिलमध्ये युरोपीय औषध संस्थेने काढला.

असे का झाले असावे?

नेमके कारण सिद्ध झालेले नाही. मात्र इंजेनॉल पेशींतील ‘प्रोटीन कायनेज सी’ हे विकर जागे करते. जमालगोट्याच्या तेलातील फॉरबॉल एस्टरही तेच करतात. कर्करोगकारक रसायन लावलेल्या उंदरांच्या त्वचेवर हे तेल वारंवार लावल्यास गाठी वाढतात, हे १९४०च्या दशकापासून ठाऊक आहे.

घरी चीक लावावा का?

नाही. त्यातील विषाचे प्रमाण मोजलेले नसते. त्वचा भाजते, डोळ्यात गेल्यास दृष्टीला इजा होऊ शकते. वरची गाठ झडली तरी आतला कर्करोग वाढत राहू शकतो. तीळ रंग किंवा आकार बदलत असेल, जखम भरत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. गरज पडल्यास ते बायोप्सी करून निदान करतात.